काम्पिल्यापासून वैनगंगेपर्यंत : पदवी अभ्यासक्रमातील पर्यावरणशास्त्र आणि आपण वैद्य

चरकसंहितेच्या विमानस्थानातील जनपदोद्ध्वंसनीय अध्याय आपणांपैकी प्रत्येकाने विद्यार्थिदशेत अभ्यासलेला आहे. वायू, उदक, देश आणि काल हे चार भाव बिघडले म्हणजे भिन्न प्रकृतीची, भिन्न आहाराची व भिन्न वयाची माणसेही एकाच वेळी एकाच व्याधीने पीडित होतात, हा त्यातील सिद्धान्त आपल्या स्मरणात असतो. हा संवाद घडला कोठे, याकडे मात्र सहसा लक्ष जात नाही. पांचाल देशातील काम्पिल्य नगरी, ग्रीष्माचा उत्तरार्ध, गंगेचा काठ आणि काठावरील वनात शिष्यांसह फिरत असलेले भगवान आत्रेय, अशी त्याची पार्श्वभूमी आहे. चालता चालता ते अग्निवेशास सांगतात की, ग्रह-नक्षत्रे, वायू व दिशा यांत विकृती दिसू लागली आहे. लवकरच भूमी औषधींना यथायोग्य रस, वीर्य, विपाक व प्रभाव देईनाशी होईल. तेव्हा तत्पूर्वीच औषधी उपटून संग्रह करावा. आजच्या परिभाषेत सांगावयाचे तर हा पाठ वर्गात झालेला नाही. तो क्षेत्रभेटीत झालेला आहे.

हे स्मरण करून देण्याचे कारण असे की, आपल्या भंडारा जिल्ह्यातील पदवी महाविद्यालयांत गेली दोन दशके प्रत्येक विद्यार्थ्यास पर्यावरणाचा अभ्यास करावा लागतो, आणि त्या अभ्यासाचा जो भाग सर्वाधिक मोलाचा, तो म्हणजे क्षेत्रभेट, तोच सर्वाधिक उपेक्षित आहे. या कामी वैद्यवर्गास काही करता येण्याजोगे आहे असे आम्हांस वाटते. ते काय, हे सांगण्यापूर्वी हा विषय अभ्यासक्रमात कसा आला व त्यात काय शिकवले जाते, ते थोडक्यात पाहणे आवश्यक आहे.

विधिज्ञ एम. सी. मेहता यांच्या जनहित याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २२ नोव्हेंबर १९९१ रोजी निर्णय देऊन पर्यावरण हा विषय शिक्षणाच्या सर्व पायऱ्यांवर सक्तीने शिकवावा असे निर्देश दिले. निर्देश झाले तरी अंमलबजावणी रेंगाळली. अखेर न्यायालयाने डिसेंबर २००३ मध्ये पुन्हा आदेश दिल्यानंतर २००४-०५ या शैक्षणिक वर्षापासून विद्यापीठ अनुदान आयोगाचा सहा महिन्यांचा समान अभ्यासक्रम कला, वाणिज्य, विज्ञान अशा सर्व शाखांच्या पदवी वर्गांस लागू झाला. त्यासाठी आयोगाने जे पाठ्यपुस्तक काढले त्याचे लेखक पुण्याचे डॉ. एरच भरुचा हे व्यवसायाने शल्यचिकित्सक होत. वैद्यकाचा माणूस पर्यावरणाकडे वळतो यात नवल नाही. नागपूरची 'नीरी' ही संस्थादेखील १९५८ साली स्थापन झाली तेव्हा केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्था या नावाने ओळखली जात होती. पर्यावरण हा शब्द तिच्या नावात १९७४ साली आला. आधी आरोग्य आणि मागाहून पर्यावरण, असा हा क्रम आहे.

आयोगाचा तो मूळ अभ्यासक्रम ५० तासांचा व आठ घटकांचा होता. नैसर्गिक संसाधने, परिसंस्था, जैवविविधता, प्रदूषण, सामाजिक प्रश्न, लोकसंख्या इत्यादी घटकांना ४५ तास, आणि शेवटच्या आठव्या घटकास, म्हणजे प्रत्यक्ष क्षेत्रकार्यास, ५ तास. गुण मात्र शंभरांपैकी २५ क्षेत्रकार्याला. तासांच्या एकदशांश भागास गुणांचा चतुर्थांश देण्यामागे रचनाकारांचा हेतू स्पष्ट दिसतो. पुढे श्रेयांक पद्धती आली, २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आले, २०२३ साली आयोगाने पर्यावरण शिक्षणाचा नवा आराखडा प्रसिद्ध केला. तपशील बदलत गेले, परंतु क्षेत्रकार्याचे महत्त्व कोणी कमी केलेले नाही.

अमेरिकेत ज्यास कम्युनिटी कॉलेज म्हणतात, म्हणजे घराजवळचे, अल्प शुल्काचे, कामधंदा सांभाळून शिकणाऱ्यांसाठी असलेले महाविद्यालय, त्या नावाची योजना आयोगाने आपल्या देशातही २०१३-१४ मध्ये आणली. पण आमच्या मते आपल्या जिल्ह्यात ते कार्य तत्पूर्वीपासूनच तालुक्याच्या गावची महाविद्यालये करीत आली आहेत. भंडारा, तुमसर, मोहाडी, साकोली, लाखनी, पवनी व लाखांदूर या सातही तालुक्यांतील मुले-मुली रोवणीच्या दिवसांत बांधीत राबून, एस. टी. बसने वा सायकलने येऊन, राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाची पदवी याच ठिकाणी घेतात. ज्यांना तेही शक्य नाही त्यांच्यासाठी १९८९ साली स्थापन झालेले यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे. हा विद्यार्थी तलावाच्या गावातून येतो, तलावाच्या पाण्यावर पिकलेला भात खातो, आणि तरीही पर्यावरणाच्या वहीत तलाव दुसऱ्याच्या वहीतून उतरवून काढतो. विसंगती ती हीच.

याचे एक उदाहरण आमच्या पाहण्यात आले. आमच्या मंडळातील एका वैद्यांच्या कन्येने आपली प्रकल्पवही सहज दाखविली. विषय होता 'आमच्या गावातील तलावाचे पर्यावरण'. मुखपृष्ठावर कमळाचे सुंदर चित्र, आत सुवाच्य अक्षर, आणि वनस्पतींच्या यादीत तिसऱ्या क्रमांकावर खारफुटी! समुद्रापासून शेकडो कोस दूर असलेल्या लाखांदूर तालुक्यात खारफुटी उगवली ती झेरॉक्सच्या दुकानात. मूळ वही कोकणकडची असावी. मुलीस दोष देण्याचे आम्हांस धैर्य झाले नाही, कारण तिच्या शिक्षकांकडे एका वर्षास शेकडो वह्या तपासण्याचे काम होते आणि तलावावर तिला घेऊन जाणारे कोणी नव्हते. मग पुढच्या रविवारी आम्ही दोघे वैद्य तिला व तिच्या तीन मैत्रिणींना घेऊन त्यांच्याच गावच्या तलावावर गेलो.

मामा तलाव, अर्थात माजी मालगुजारी तलाव, हे आपल्या भागाचे वैशिष्ट्य होय. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाने तलाव बांधण्याची विद्या येथे जोपासली. उताराच्या जमिनीवर मातीची पाळ घालून पावसाचे पाणी अडवायचे, जादा पाणी सांडव्यावाटे खालच्या तलावात सोडायचे आणि साठलेल्या पाण्यावर धान पिकवायचे, अशी ही साखळी आहे. पूर्व विदर्भात असे साडेसहा हजारांहून अधिक तलाव आहेत. लहान बोड्या वेगळ्याच. १९५१ साली मालगुजारी संपली, तलाव शासनाकडे गेले, आणि ज्यांचे हात दरवर्षी गाळ काढीत व पाळ दुरुस्त करीत त्यांचा तलावाशी असलेला संबंध सैल झाला. गाळ साठला. काठावर बेशरम माजली. ही दक्षिण अमेरिकेतून आलेली वनस्पती असून जनावरे तिला तोंड लावीत नाहीत, लावल्यास त्यांना विषबाधा होते. रोहू, कटला यांसारखे मासे बाहेरून आणून सोडण्याचा प्रघात पडला आणि स्थानिक मासे मागे पडले. 'भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ' या संस्थेने श्री. मनीष राजनकर यांच्या पुढाकाराने ढिवर समाजास सोबत घेऊन या तलावांचा अभ्यास केला. तलावाच्या तळाची बेशरम उपटून, माती नांगरून, तेथे पूर्वी असलेल्या पाणवनस्पती पुन्हा लावल्या असता मासेही परततात, हे त्यांनी १९९९ पर्यंत आपल्याच जिल्ह्यात असलेल्या अर्जुनी-मोरगाव भागात दाखवून दिले. कोणत्या वनस्पतीच्या आश्रयाने कोणता मासा अंडी घालतो, हे ज्ञान त्यांनी ढिवरांकडूनच घेतले. पर्यावरणशास्त्राच्या विद्यार्थ्यास यापरते उत्तम पाठ्यपुस्तक कोणते?

तलावाच्या पाण्याची परीक्षा विद्यार्थी कशी करतो? सामू म्हणजे पाण्याचे आम्लत्व वा क्षारत्व, गढूळपणा, विरघळलेले क्षार, विरघळलेला प्राणवायू आणि जैविक प्राणवायू मागणी ही मुख्य मापे. यांपैकी प्राणवायूचे माप नीट समजून घेण्यासारखे आहे. ३० अंश तापमानाच्या स्वच्छ पाण्यात एका लिटरमागे साधारण साडेसात मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो. थंड पाण्यात अधिक, उष्ण पाण्यात कमी. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीप्रमाणे स्नानयोग्य पाण्यात तो किमान ५ व मत्स्यपालनाच्या पाण्यात किमान ४ मिलिग्रॅम असावा लागतो. पाण्यात मैला, कुजका पाला वा सांडपाणी मिसळले म्हणजे ते कुजविणारे जंतू हा प्राणवायू वापरून टाकतात. त्यांची ही भूक किती, ते जैविक प्राणवायू मागणी सांगते. स्नानाच्या पाण्यात ती ३ पेक्षा अधिक असू नये. येथे एक मेख आहे. शेवाळाने हिरव्या झालेल्या तलावात दुपारी मोजमाप केल्यास प्राणवायू भरपूर आढळतो, कारण सूर्यप्रकाशात वनस्पती तो सोडीत असतात. रात्री त्याच वनस्पती तो घेतात आणि पहाटे तो नीचतम पातळीस जातो. मासे पहाटे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडतात ते यामुळे. सकाळी अकरा वाजता बसमधून उतरून बाटली भरणाऱ्या विद्यार्थ्यास आजारी तलाव निरोगी दिसतो. रुग्णाची नाडी प्रातःकाळी पाहावी, असे आपणांस शिकविले जाते, तलावाबाबतही तेच.

आता चरकांनी दूषित उदकाची जी लक्षणे दिली आहेत ती या शेजारी ठेवून पाहावीत. गंध, वर्ण, रस व स्पर्श यांत अत्यंत विकृती, क्लेदाचे बाहुल्य, जलचर पक्ष्यांनी केलेला त्याग आणि जलाश्रयी जीवांची क्षीणता. यांतील शेवटची दोन लक्षणे आम्हांस विशेष महत्त्वाची वाटतात. पाण्याची अवस्था त्यातील जिवांवरून ओळखणे ही पद्धती पर्यावरणशास्त्रात आज जैवनिर्देशक या नावाने शिकविली जाते. सुश्रुतांनी सूत्रस्थानाच्या द्रवद्रव्यविधी अध्यायात वेगाने वाहणाऱ्या नद्यांचे निर्मळ जल लघु आणि शेवाळाने आच्छादलेल्या, मंद वाहणाऱ्या नद्यांचे जल गुरू सांगितले आहे. गढूळ पाणी निवळण्यासाठी कतक, बिसग्रंथी, शैवालमूल, वस्त्र आदी सात साधने दिली आहेत. कतक म्हणजे आपली निर्मळी. एकाच तलावाचे पाणी दोन बाटल्यांत घेऊन एकीत निर्मळीचे उगाळलेले बी घालावे व दोन्ही निवळण्यास लागणारा वेळ नोंदवावा, हा प्रयोग कोणत्याही महाविद्यालयात विनाखर्च होऊ शकतो.

मात्र येथे आपला अभिमान आड येऊ नये. निवळलेले पाणी निर्जंतुक असतेच असे नाही. म्हणून सुश्रुतांनीही क्वथन व सूर्यतापन वेगळे सांगितले. नायट्रेटला रंग नाही, गंध नाही. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात ते लिटरमागे ४५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावे, कारण त्याहून अधिक असल्यास तान्ह्या मुलाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती खालावू शकते. धानाच्या बांधीतून युरिया व कीटकनाशके तलावात उतरतात, ती जिभेस वा नाकास कळत नाहीत. या ठिकाणी प्रयोगशाळेचेच साह्य घ्यावे लागते, आणि ते घेण्यात कमीपणा नाही.

वैनगंगेचे उदाहरण तर प्रत्येक विद्यार्थ्याच्या वहीत असावयास हवे. पवनी तालुक्यातील गोसेखुर्द येथे २२ एप्रिल १९८८ रोजी ज्या धरणाची पायाभरणी झाली, त्याचे नियोजित सिंचन अडीच लाख हेक्टरांचे. धरणात पाणी साठू लागल्यावर त्याचा फुगवटा भंडारा शहरापर्यंत आला. नागपूर शहराचे सांडपाणी वाहणारी नाग नदी कन्हानला मिळते आणि कन्हान वैनगंगेला. पूर्वी वाहत्या प्रवाहात जी घाण काही अंशी विरून जात असे, ती आता थांबलेल्या पाण्यात साचते. भंडारा शहराच्या पिण्याच्या पाण्याचा प्रश्न त्यातूनच उग्र झाला. २०२२ साली नाग नदीच्या शुद्धीकरणासाठी सुमारे १९२७ कोटी रुपयांच्या प्रकल्पास केंद्राची मान्यता मिळाली. सुश्रुतांच्या त्या लघु-गुरू जलविचाराची प्रचीती घेण्यास याहून मोठे, आणि याहून दुःखद, उदाहरण जवळपास नाही.

आमच्या चिकित्सालयांत याचा संबंध रोज येतो. पूर्व विदर्भ हा हत्तीरोगाचा, म्हणजे श्लीपदाचा, प्रदेश होय. जेथे जुने पाणी विपुल साचून राहते व जे देश सर्व ऋतूंत शीतल असतात तेथे श्लीपद विशेषत्वाने होते, असे सुश्रुतांनी निदानस्थानात नोंदविले आहे. डास व कृमी यांचा शोध लागण्यापूर्वी केवळ देशनिरीक्षणावरून केलेली ही नोंद आहे. परंतु विद्यार्थ्यास हे सांगताना एक भेद स्पष्ट करावा लागतो. आपल्याकडे हा कृमी पसरविणारा क्युलेक्स डास मुख्यतः तुंबलेल्या गटारात, मैलाटाकीत व घाण डबक्यात वाढतो. मासे, बेडूक व कीटक असलेला जिवंत तलाव त्यास मानवत नाही. 'साचलेले पाणी वाईट' एवढेच शिकलेला मुलगा उद्या ग्रामपंचायतीत निवडून आला तर तलाव बुजवून तेथे सभागृह बांधील आणि गटार मात्र उघडेच ठेवील.

जैवविविधतेच्या घटकाबाबत तर वैद्यास बाहेरचा पाहुणा समजताच येणार नाही. जैवविविधता कायदा २००२ मध्ये झाला. त्याच्या सातव्या कलमात व्यापारी उपयोगासाठी जैविक संपत्ती घेणाऱ्यांनी राज्य मंडळास पूर्वसूचना देण्याचे बंधन आहे, आणि त्यातून वैद्य व हकीम यांना वगळण्यात आले आहे; २०२३ च्या दुरुस्तीने नोंदणीकृत आयुष व्यावसायिकांचाही त्यात उल्लेख आला. सवलत मिळाली, तशी जबाबदारीही आली. प्रत्येक गावाने लोकजैवविविधता नोंदवही तयार करावयाची आहे. कमळ, पोयणी, शिंगाडा, ब्राह्मी, मंडूकपर्णी, माका, जलपिप्पली ही नावे त्या वहीत कोण भरणार? आणि ब्राह्मी कोणती व मंडूकपर्णी कोणती, याविषयीचा गोंधळ बाजारात आहे तसाच वहीत उतरला तर तो निस्तरणार कोण? दोन्ही ओलसर काठावरच वाढतात. एकीचे पान लहान, मांसल व देठाशी निमुळते, तर दुसरीचे गोल, दंतुर कडांचे. विद्यार्थ्याच्या तळहातावर दोन्ही ठेवल्या म्हणजे तो जन्मात चुकत नाही.

वैद्यवर्गाने करावयाचे काम फार मोठे नाही. वर्षातून दोन सकाळी, आपल्या तालुक्यातील एखाद्या महाविद्यालयाच्या पर्यावरणाच्या शिक्षकांस भेटून, पाच-सात विद्यार्थ्यांची तुकडी तलावावर न्यावी. पहिली भेट भाद्रपद-आश्विनात, तलाव भरलेला असताना. दुसरी माघ-फाल्गुनात, पाणी उतरू लागल्यावर व परीक्षांपूर्वी. पहाटे निघावे. गाळात पाय रुतणाऱ्या ठिकाणी मुलांस उतरू देऊ नये, मुलींच्या घरी आधी सांगून ठेवावे, आणि गावातील एखाद्या वृद्ध ढिवरास मानाने सोबत घ्यावे. ग्रामपंचायतीकडे जंतुपरीक्षेची छोटी बाटली मिळते. तिच्यात पाणी भरून दिवस-दोन दिवस उबदार जागी ठेवल्यावर ते काळे पडले तर मैल्याचा संसर्ग समजावा. हे काळे पडणे मुलांच्या डोळ्यांसमोर घडले पाहिजे.

आमच्या त्या रविवारच्या भेटीत आम्हांसही धडा मिळाला. चौघींपैकी एकीने विचारले, "काका, पाणी इतके नितळ दिसते, मग बगळे त्या पलीकडच्या बोडीवरच का बसतात?" आम्ही पाहू लागलो. पलीकडच्या बोडीचा काठ उथळ व गवताचा होता. या तलावाच्या काठाची माती खोदून नेल्याने तो कड्यासारखा तुटला होता आणि उरलेल्या जागी बेशरम दाटली होती. बगळ्यास उभे राहावयास जागाच नव्हती. हे उत्तर आम्हांस आधी ठाऊक नव्हते. सोबतच्या ढिवरबाबांना ठाऊक होते. ते आमच्याकडे पाहून हसत होते.

त्या कन्येने वही पुन्हा लिहिली. खारफुटी गेली. नव्या यादीत नऊ वनस्पती आहेत. सात जणींपुढे गावातील नाव व आम्ही सांगितलेले संस्कृत नाव आहे. उरलेल्या दोन आम्हां दोघा वैद्यांनाही ओळखता आल्या नाहीत, आणि तिने त्यांपुढे तसेच प्रामाणिकपणे लिहून, वाळवलेली फांदी चिकटवून ठेवली आहे.